एफटीसीच्या हंगामाची तयारी : शाळेच्या रोबोटिक्स टीमसाठी, जूनपासून स्पर्धेच्या दिवसापर्यंत

शाळांच्या रोबोटिक्स टीम कल्पना कमी पडल्या म्हणून क्वचितच हरतात. रोबो शेवटच्या आठवड्यात कसाबसा पूर्ण होतो, तो चालवायचा सराव कुणालाच झालेला नसतो, आणि तिसऱ्या मॅचमध्ये एखादा कनेक्टर निसटतो. हा लेख त्यामुळे एकाच आग्रहाभोवती फिरणार आहे: साधा रोबो लवकर पूर्ण करा आणि उरलेला सगळा वेळ तो चालवण्यात, बिघडेपर्यंत पळवण्यात आणि दुरुस्त करण्यात घाला.

इथे स्पर्धा धरली आहे ती फर्स्ट टेक चॅलेंज, म्हणजे एफटीसी. डीन केमन यांनी १९८९ साली अमेरिकेत सुरू केलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेची ही स्पर्धा १२ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. भारतातही ती होते आणि महाराष्ट्रातल्या टीम तिच्यात उतरतात. मैदान १२ बाय १२ फुटांचं, फोमच्या ३६ चौकोनी टाइल्सचं. दोन टीम मिळून एक अलायन्स होते, आणि लाल अलायन्स निळ्या अलायन्सविरुद्ध खेळते. पहिले ३० सेकंद रोबो कुणीही हात न लावता, प्रोग्रामवर चालतो. पुढची दोन मिनिटं तो ड्रायव्हरच्या हातात असतो. सुरुवातीला अख्खा रोबो १८ इंचांच्या घनात मावला पाहिजे. खेळ, म्हणजे कोणत्या वस्तू उचलून कुठे टाकल्या की किती गुण, हे दर वर्षी नवं असतं आणि ते सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर होतं.

जून ते ऑगस्ट: खेळ माहीत नसतानाची कामं

नियमाप्रमाणे टीममध्ये १५ मुलं घेता येतात. माझ्या मते आठ ते दहा पुरेत, कारण एका रोबोभोवती एका वेळी चारपेक्षा जास्त जणांना काम मिळत नाही आणि बाकीचे मोबाइल काढून बसतात. निवड करताना गुणपत्रिका बघू नका. शाळा सुटल्यावर थांबणारा, घरचा मिक्सर उघडून बघणारा, हिशेब नीट ठेवणारा, चार लोकांत न घाबरता बोलणारा, अशी वेगवेगळ्या प्रकृतीची मुलं लागतात. नववी आणि अकरावीची मुलं टीमचा कणा ठेवा. दहावी-बारावीच्या मुलांना जानेवारीनंतर सराव परीक्षा आणि बोर्ड असतं. त्यांना डिसेंबरपर्यंतची कामं द्या आणि हे त्यांच्या आईवडिलांशी जूनमध्येच बोलून ठेवा. ऐन हंगामात ड्रायव्हरचे वडील ‘आता बास’ म्हणाले तर त्यांची काही चूक नसते, पण टीमचा सराव वाया जातो.

एक गोष्ट मेंटॉरने, म्हणजे टीमच्या मार्गदर्शकाने, डोळ्यांत तेल घालून पाहायची. मुलींच्या वाट्याला पोस्टर, सादरीकरण आणि वही, तर मुलांच्या वाट्याला ड्रिल आणि कोड, अशी वाटणी कुणी न ठरवताही होऊन जाते. जूनमध्ये प्रत्येकाने प्रत्येक काम करायचं असा नियम ठेवा: प्रत्येकाने भोक पाडायचं, प्रत्येकाने वायर क्रिंप करायची (टोकाला कनेक्टर दाबून बसवायचा), प्रत्येकाने दहा ओळींचा का होईना प्रोग्राम लिहून मोटर फिरवायची. आवडीप्रमाणे विभागणी त्यानंतर. कामाच्या जागेत सुरक्षा चष्मा कायम डोळ्यांवर, केस बांधलेले, ओढणी आणि आयकार्डाची दोरी काढून ठेवलेली. स्पर्धेच्या पिटमध्येही (टीमला रोबो दुरुस्त करायला दिलेल्या जागेत) चष्म्याशिवाय उभं राहू देत नाहीत, त्यामुळे सवय आत्ताच लागलेली बरी.

या तीन महिन्यांत चार चाकांचा चालता ड्राइव्हट्रेन, म्हणजे चाकं आणि मोटर्स बसवलेला रोबोचा पाया, तयार हवा. खेळ कोणताही आला तरी रोबोला चारही दिशांना पळावं लागतंच. मेकॅनम चाकांमुळे तो आडवाही सरकतो, म्हणून बहुतेक टीम तीच वापरतात. वेगाचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या: ९६ मिलिमीटर व्यासाचं चाक आणि ३१२ आरपीएमची (मिनिटाला ३१२ फेरे मारणारी) मोटर घेतली, तर मिनिटाला साधारण ९४ मीटर, म्हणजे सेकंदाला दीड मीटरच्या थोडं वर. मैदान ३.६६ मीटर रुंद आहे, म्हणजे ते अडीच सेकंदांच्या आत पार होतं. यापेक्षा वेगवान गिअर घेऊन नवख्या ड्रायव्हरच्या हातात दिला, तर तो भिंतीवरच आपटतो.

खरेदीही आत्ताच. कंट्रोल हब (रोबोचा मेंदू), मोटर्स, सर्व्हो (ठरावीक कोनात वळणारी छोटी मोटर) हे सामान बरेचदा बाहेरून येतं, त्यावर कस्टम्स ड्यूटी लागते आणि कधी पोहोचेल याचा भरवसा नसतो. सप्टेंबरनंतर मागवलेली वस्तू वेळेत हातात पडेल असं धरून डिझाइन करू नका. नट-बोल्ट, वायर, स्विच, झिप टाय, हीट श्रिंक हे इथेच मिळतं: पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. मुलांना तिथे घेऊन जा. दुकानदाराला ‘एम४ बाय १६चा अॅलन बोल्ट आणि नायलॉक नट’ असं नेमकं मागता येणं हेही शिक्षणच. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथला थ्रीडी प्रिंटर, मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची अवजारं टीमला वापरू देण्याबद्दल मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी घ्या. किल्ली कुणाकडे राहील हेही त्यातच लिहून घ्या.

खेळ जाहीर होतो तो आठवडा

२०२५-२६चा ‘डीकोड’ हा खेळ ६ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर झाला. आपल्याकडे त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दर वर्षीच हा काळ गणपतीच्या आगेमागे येतो, त्यामुळे मुलं एकत्र कधी बसणार हे आधी ठरवून ठेवा.

व्हिडिओ बघून लगेच कागदावर रोबो काढायला लागायचं नाही. आधी कॉम्पिटिशन मॅन्युअल, म्हणजे त्या वर्षीच्या नियमांचं पुस्तक. ते इंग्रजीत आणि लांबलचक असतं, पण प्रत्येकाने पूर्ण वाचायचं. मग प्रकरणं वाटून घ्या आणि प्रत्येकाने आपलं प्रकरण बाकीच्यांना मराठीत समजावून सांगावं. समजावताना जो अडखळतो, त्याला तो नियम कळलेला नसतो. त्यानंतर वीस प्रश्नांची लेखी परीक्षा घ्या: सुरुवातीला रोबो कुठे उभा असतो, एका वेळी किती वस्तू जवळ ठेवता येतात, कोणत्या कृतीला पेनल्टी. हंगामभर मॅन्युअलमध्ये बदल येत राहतात. दर आठवड्याला ते तपासणारा एक मुलगा किंवा मुलगी नेमा.

नंतर वर्गातली बाकं बाजूला सारून जमिनीवर मास्किंग टेपने १२ बाय १२चा चौकोन आखा आणि मुलांनाच रोबो करून खेळवा. एक जण स्टॉपवॉच धरेल, एक गुण लिहील. वस्तू उचलणं, नेणं, टाकणं, परत येणं या एका फेरीला किती सेकंद लागतात ते मोजा. सगळी रणनीती या एका आकड्यावर उभी असते. ड्रायव्हरच्या १२० सेकंदांत १५ सेकंदांच्या आठ फेऱ्या होतात; तीच फेरी १२ सेकंदांवर आणली तर दहा. नवीन यंत्रणा न जोडता दोन फेऱ्या जास्त मिळाल्या. उलट, शेवटच्या सेकंदांत मिळणाऱ्या मोठ्या गुणांसाठी वेगळी यंत्रणा बांधायला सहा आठवडे जाणार असतील, तर तेवढे गुण साध्या फेऱ्यांतून मिळतात का हे आधी मांडून बघा.

मग फळ्यावर तीन रकाने करा: करायचंच, जमलं तर, आणि करायचं नाही. तिसरा रकाना भरताना मुलं वाद घालतील. घालू द्या, पण तो रिकामा ठेवू नका.

रोबो ठरवणं

नियमाने रोबोवर जास्तीत जास्त आठ मोटर्स चालतात. चार ड्राइव्हट्रेनला गेल्या, म्हणजे उरल्या चार. हे बजेट फळ्यावर लिहून मगच यंत्रणांबद्दल बोला. डीकोडमध्ये जांभळे आणि हिरवे बॉल गोळा करून गोलमध्ये फेकायचे होते, म्हणजे इनटेकला (बॉल आत ओढणाऱ्या भागाला) एक-दोन, लाँचरला (बॉल फेकणाऱ्या भागाला) एक-दोन, इतकाच हिशेब. असं मोजल्यावर निम्म्या कल्पना आपोआप गळून पडतात.

उरलेल्या कल्पनांचे नमुने पुठ्ठा, प्लायवूड आणि रबर बँडने बनवा. बॉल आत ओढणारा रोलर जमिनीपासून किती उंच हवा, हे पुठ्ठ्याच्या चौकटीत ड्रिल मशीनने रोलर फिरवून एका संध्याकाळी कळतं. नमुना पन्नास वेळा चालवा आणि किती वेळा जमलं ते लिहा. पन्नासपैकी पस्तीस म्हणजे अजून काम बाकी आहे. अठ्ठेचाळीस आले की मगच कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आराखड्याकडे, जा. ऑनशेप हे कॅड सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, शिक्षणासाठी फुकट आहे आणि शाळेच्या साध्या कॉम्प्युटरवरही सगळ्यांना एकाच फाइलवर काम करता येतं.

कॅड करताना तीन आग्रह सोडू नका. बॅटरी जितकी खाली बसेल तितकी खाली. ती जड असते आणि वर ठेवलेली असली की रोबो वळणावर डगमगतो. कोणताही भाग बदलायला दोनपेक्षा जास्त बोल्ट काढावे लागू नयेत. आणि मेन स्विच, बॅटरी, कंट्रोल हबच्या यूएसबीपर्यंत हात सहज पोहोचावा. दोन मॅचच्या मध्ये कधी कधी फार थोडा वेळ मिळतो.

बांधणी: सहामाही ते दिवाळी

ऑक्टोबरमध्ये सहामाही परीक्षा असते. त्या काळात बांधणी बंद ठेवा, स्पष्टपणे. मुलांच्या मनातली ओढाताण थांबते आणि शिक्षकही टीमच्या बाजूने राहतात. परीक्षा संपली की दिवाळीची सुट्टी लागते, आणि खरी बांधणी तिथे होते. सलग पाच-सहा तासांच्या बैठकीत जे काम उरकतं ते शाळेनंतरच्या दीड तासाच्या तुकड्यांत महिनाभर रखडतं. चार दिवस सणाचे सोडा, बाकीचे दिवस घ्या. दिवाळीची सुट्टी संपताना पूर्ण रोबो, सुबक नसला तरी चालेल, मैदानावर एक फेरी मारू शकला पाहिजे.

धातूच्या जोडांना नायलॉक नट किंवा निळं थ्रेडलॉकर वापरा, म्हणजे हादऱ्यांनी बोल्ट सैल होत नाही. थ्रेडलॉकर पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसला मात्र लावू नका, त्याने प्लास्टिकला तडे जातात. आठवड्यातून एकदा एका मुलीने किंवा मुलाने अॅलन की घेऊन रोबोवरचा प्रत्येक बोल्ट तपासायचा आणि घट्ट केलेल्यावर मार्करने रेघ ओढायची. रेघ सरकलेली दिसली की तो बोल्ट सैल होतोय हे लांबूनही कळतं.

वायरिंगला एक अख्खा आठवडा द्या

मैदानावर रोबो अचानक मरतो तेव्हा मुलं आधी कोडला दोष देतात. मी सांगेन, आधी वायर बघा. मोटरच्या वायरपासून एन्कोडरच्या (मोटरचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरच्या) नाजूक कनेक्टरपर्यंत प्रत्येक वायर जिथे जोडली आहे, तिथून थोड्या अंतरावर चौकटीला झिप टायने बांधलेली हवी, म्हणजे ओढ कनेक्टरवर येत नाही. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना लेबल: ‘मोटर ०, पुढचं डावं’. हलणाऱ्या हातावरून जाणारी वायर, हात पूर्ण ताणलेला आणि पूर्ण मिटलेला अशा दोन्ही स्थितींत तपासा.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची हवा कोरडी होते आणि फोमच्या टाइल्सवर चाकं घासून रोबोवर स्थिर वीज साठते. मग धातूच्या भिंतीला रोबो टेकला की ठिणगी उडून कंट्रोल हबचा संपर्क तुटू शकतो. मान्यताप्राप्त ग्राउंडिंग स्ट्रॅप (हबची जोडणी रोबोच्या धातूच्या चौकटीशी करणारी वायर) वापरा, हब धातूवर थेट बसवण्याऐवजी मध्ये प्लास्टिक किंवा प्लायवूडची पट्टी घाला, आणि लांब सेन्सर वायरांवर फेराइट चोक (विजेचा गोंगाट अडवणारं कडं) लावा.

बॅटऱ्यांना नंबर द्या आणि वहीत प्रत्येकीचा हिशेब ठेवा. १२ व्होल्टची ही बॅटरी पूर्ण चार्ज झाली की मल्टिमीटरवर १३च्या वर दाखवते. मॅचला निघताना तेवढी दाखवत नसेल तर बदला. २० अँपिअरचे जादा फ्यूज एका छोट्या डबीत कायम असू द्या.

प्रोग्रामिंग

नवखी टीम ब्लॉक्सवर, म्हणजे पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्राम बनवण्यावर, सुरू करू शकते. दुसऱ्या वर्षी जावा या भाषेकडे जा. कोड गिटवर (जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ठेवा आणि दर संध्याकाळी ‘आज चालणारी’ आवृत्ती वेगळी खूण करून ठेवा.

ऑटोनॉमस, म्हणजे पहिल्या ३० सेकंदांचा प्रोग्राम, पायरीपायरीने वाढवा. पहिल्या आठवड्याचं लक्ष्य फक्त इतकं: रोबो सुरुवातीच्या जागेवरून निघावा आणि ठरलेल्या ठिकाणी थांबावा. ‘दोन सेकंद पुढे जा’ असं वेळेवर चालणारं कोड लिहू नका. भरलेल्या बॅटरीवर तो भिंतीपर्यंत जाईल आणि उतरलेल्या बॅटरीवर मध्येच थांबेल. मोटरचे एन्कोडर, हबमधला आयएमयू (रोबो किती वळला ते सांगणारा सेन्सर) आणि जमल्यास ओडोमेट्रीची (मोटरला न जोडलेली, फक्त अंतर मोजणारी) मोकळी चाकं वापरून रोबोची हालचाल मोजा. हाच धडा लाँचरलाही लागू आहे: फ्लायव्हीलला (बॉल फेकणाऱ्या वेगवान चाकाला) ठरावीक पॉवर दिली तर व्होल्टेज पडला की बॉल आखूड पडतो, एन्कोडरवरून वेग मोजून तो स्थिर राखला तर शेवटचा बॉलही पहिल्याइतकाच लांब जातो. मैदानावरचे एप्रिलटॅग (क्यूआर कोडसारख्या खुणा) कॅमेऱ्याने ओळखून जागा पक्की करणं, हे सगळं जमल्यावर. रोबोला आखलेल्या वाटेवरून नेणाऱ्या रोड रनर किंवा पेड्रो पाथिंगसारख्या तयार कोडच्या लायब्ररी मदतीला आहेत, पण त्या नीट जुळवण्यात दिवस जातात, म्हणून नोव्हेंबरनंतर त्यांना हात घालू नका.

जोडीदार टीमचा रोबोही त्याच मैदानावर असतो. त्यामुळे सुरू होण्याआधी काही सेकंद थांबायची सोय आणि वेगवेगळ्या जागांवरून निघणारे किमान दोन प्रोग्राम हवेत. मॅचआधी ‘आम्ही पाच सेकंद उशिरा निघतो’ असं सांगता आलं की बरेच अपघात टळतात.

रोबो गोठवा, आणि चालवा

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी रोबोमध्ये नवीन काही जोडणं बंद. एखादा हुशार मुलगा ‘फक्त एक सर्व्हो बदलला तर’ म्हणेलच. त्याचं म्हणणं वहीत लिहून घ्या, पुढच्या स्पर्धेसाठी. एक साधा रोबो घेऊन ड्रायव्हरने शंभर मॅच खेळलेल्या असतील, तर त्याची टीम अप्रतिम पण न चालवलेल्या रोबोला बहुतेक वेळा मागे टाकते. मी हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि माझं मत बदललेलं नाही.

मैदानावर दोन ड्रायव्हर, एक ड्राइव्ह कोच आणि खेळात गरज असेल तर एक ह्यूमन प्लेअर (खेळातल्या वस्तू हाताने देणारा) असतात. एक ड्रायव्हर फक्त चालवतो, दुसरा यंत्रणा सांभाळतो. निवड टीममधल्या ज्येष्ठतेवर करू नका. सगळ्यांना सारखी संधी देऊन फेऱ्या मोजा आणि आकडे सांगतील तसं करा. ड्राइव्ह कोचचं काम घड्याळ आणि जोडीदार टीम यांच्यावर लक्ष ठेवणं. तो सतत ओरडत राहिला तर ड्रायव्हर गोंधळतो; म्हणून दोघांमध्ये सहा-सात ठरलेले शब्दच ठेवा: ‘सोड’, ‘मागे’, ‘तीस राहिले’ इतकेच.

रोज किमान दहा पूर्ण मॅच, खऱ्या घड्याळावर. प्रत्येक मॅचनंतर एका ओळीची नोंद: किती फेऱ्या झाल्या, काय अडलं, का अडलं. आठवड्याने वही चाळली की कुठला भाग सारखा अडतो ते समोर येतं, आणि दुरुस्ती त्याचीच करायची. काही मॅचमध्ये मुद्दाम एक बॉल आडवा टाका, दुसरा रोबो म्हणून एखादा खोका मध्ये सरकवा, बाहेरून चार जणांना आरडाओरडा करायला सांगा. स्पर्धेच्या हॉलमधला आवाज पहिल्यांदा ऐकणारा ड्रायव्हर गोठून जातो.

पोर्टफोलिओ आणि जज

इंजिनिअरिंग पोर्टफोलिओ, म्हणजे टीमने रोबो कसा आणि का घडवला हे जजना सांगणारी पुस्तिका, मुखपृष्ठ सोडून जास्तीत जास्त १५ पानांचा. तो शेवटच्या आठवड्यात लिहायला बसलात तर फक्त फोटो राहतात, कारणं विसरली जातात. पुठ्ठ्याच्या नमुन्याचे पन्नासपैकी पस्तीस, फेरीची १५ सेकंदांवरून १२ सेकंदांवर आलेली वेळ, नाकारलेलं डिझाइन आणि ते का नाकारलं: जजना हेच हवं असतं. रोज निघताना एक फोटो आणि तीन ओळी, तारीख घालून. भाषा मराठी असली तरी चालेल. इंग्रजी नंतर करता येतं.

जजसमोरच्या मुलाखतीत टीम आधी साधारण पाच मिनिटं आपलं सांगते, मग प्रश्न येतात. मेंटॉरला उत्तर देता येत नाही आणि ते योग्यच आहे. पाठ केलेलं भाषण टाळा. सरावाला रोबोटिक्सचा गंध नसलेल्या, शाळेतल्याच शिक्षकांना बसवा, इतिहासाच्या बाईंना, पीटीच्या सरांना. ते ‘पण असंच का केलं?’ हा सरळ प्रश्न विचारतात, आणि जजही तेच विचारतात. इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलीला गप्प बसवू नका. तिने बनवलेल्या भागाबद्दल तिलाच बोलू द्या. छोटी वाक्यं पुरतात.

स्पर्धेचा दिवस

पेटी आदल्या रात्री भरा: भरलेल्या बॅटऱ्या, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, जादा मोटर आणि सर्व्हो, बेल्ट, फ्यूज, अॅलन की दोन संच, झिप टाय, मल्टिमीटर, चष्मे, दोन्ही गेमपॅड आणि एक जादा यूएसबी केबल. ड्रायव्हर हब (गेमपॅड ज्याला जोडतात ते उपकरण) पूर्ण चार्ज. रोबोवरच्या टीम क्रमांकाच्या पाट्या आणि हबच्या वायफायच्या नावातला क्रमांक नियमाप्रमाणे आहे का, हे घरीच तपासा. हॉलमध्ये मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करायला बंदी असते, हे पालकांनाही सांगून ठेवा.

पोहोचल्यावर आधी इन्स्पेक्शन उरका. तपासणीची यादी आधीच मिळते. तीच घेऊन शाळेत स्वतःची एकदा तपासणी केलेली असेल तर इथे अडकायला होत नाही. पिटमध्ये प्रत्येक मॅचआधी एकच मुलगी किंवा मुलगा कागदावरची यादी मोठ्याने वाचेल आणि दुसरा हात लावून ‘झालं’ म्हणेल: बॅटरी बदलली, स्ट्रॅपने बांधली, कनेक्टर दाबले, योग्य ऑटोनॉमस निवडला, अलायन्सचा रंग लावला. तोंडी आठवणीवर सोडू नका, चौथ्या मॅचपर्यंत सगळे थकलेले असतात.

ड्रायव्हिंगला नसलेल्या मुलांनी प्रेक्षकांत बसून स्काउटिंग करायचं: कोणता रोबो ऑटोनॉमसमध्ये काय करतो, किती फेऱ्या, किती वेळा बंद पडला. पात्रता फेरीत जोडीदार चिठ्ठीने ठरतात, त्यामुळे सकाळचा प्रतिस्पर्धी दुपारी आपल्या बाजूला असू शकतो. कुणी स्क्रू ड्रायव्हर मागायला आला तर द्या, कोड अडलं असेल तर जाऊन बसा. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या स्पर्धेत ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ (जिंकायला झटतानाही प्रतिस्पर्ध्याला मान आणि मदत देणं) हा विचार रुजवला आणि बक्षिसांच्या वेळीही त्याला मोल असतं.

दुपारी अंतिम टप्प्याच्या मॅचसाठी अलायन्स निवड होते. वरच्या क्रमांकाच्या टीमचे कॅप्टन आपले जोडीदार निवडतात. तुम्ही कॅप्टन असाल तर स्काउटिंगचा कागद उघडा आणि सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्यापेक्षा तुमच्या कमतरता भरून काढणारी, दिवसभरात एकदाही बंद न पडलेली टीम शोधा. कॅप्टन नसाल तर जेवणाच्या सुट्टीतच वरच्या टीमच्या पिटवर जा. आपल्या रोबोची सरासरी फेरी किती सेकंदांची, ऑटोनॉमस दहापैकी किती वेळा जमतो आणि कोणत्या बाजूने निघतो, एवढे तीन आकडे लिहिलेला कागद त्यांच्या हातात द्या, आणि दुसऱ्या मुलाला तोवर बॅटऱ्या चार्जिंगला लावायला सांगा.